रात्री दहापर्यंत लॉगिन आहे

मे महिन्यातली भर दुपार होती. औषधांच्या दुकानात माझ्यापुढे एक पोरगा उभा होता, पंचविशीच्या आतलाच असेल. पाठीला डिलिव्हरीवाल्यांची ती मोठी चौकोनी बॅग, डोक्यावर हेल्मेट तसंच, नुसती काच वर केलेली. ओठ कोरडे पडलेले, आणि एका हातानं त्यानं काउंटरची कड घट्ट धरली होती. दुकानदारानं विचारलं, "कधीपासून?" "काल रात्रीपासून. सकाळपासून सात-आठ वेळा झालं." ताप आहे का, रक्त पडतंय का, यावर त्यानं नुसती मान हलवली. आमचा दुकानदार तसा माणसात असलेला माणूस. त्यानं ओआरएसची, म्हणजे जुलाबात प्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची, दोन पाकिटं काढून ठेवली आणि म्हणाला, "एक पाकीट लिटरभर पाण्यात घाल, घोट घोट पीत राहा, आणि आजचा दिवस घरी जाऊन पड." पोरानं पाकीट उलटं करून किंमत पाहिली आणि परत सरकवलं. "हे नको. हे प्यायलं की परत जावं लागतं. ती बंद करायची गोळी द्या. दोनच द्या." दुकानदारानं कात्रीनं पट्टीतल्या दोन गोळ्या कापल्या. तेवढ्यात पोराच्या हातातला फोन वाजला, त्यानं ऑर्डर घेतली, आणि गोळी तिथंच तोंडात टाकत विचारलं, "लगेच थांबेल ना? रात्री दहापर्यंत लॉगिन आहे."

तो गेला. मी माझी बीपीची गोळी घेतली, घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. 'हे प्यायलं की परत जावं लागतं.' त्याला अडाणी म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आमच्या पुण्यातला कर्वेनगरपासून वारज्यापर्यंतचा रस्ता मी डोळ्यांपुढे आणला आणि या पोराला जावं लागलं तर तो कुठं जाईल, याची मोजदाद करू लागले. एक पेट्रोल पंप, तिथल्या दाराला बहुतेक वेळा कुलूप. पुलाखालचं सार्वजनिक शौचालय, तिथं गाडी आणि बॅग कोणाच्या भरवशावर सोडायची? ज्या हॉटेलांतून तो दिवसभर गरम डबे उचलतो, तिथं त्याला बाहेर थांबायला सांगतात. आणि आमच्यासारख्या सोसायट्यांत त्याला मोठी लिफ्टसुद्धा वापरू देत नाहीत, बाथरूमचं तर नावच सोडा. म्हणजे त्याचं शरीर पाणी मागत होतं आणि त्याचा धंदा कोरडं राहायला सांगत होता. त्यानं धंद्याचं ऐकलं.

त्या पाकिटाची गोष्ट मला माहीत होती, म्हणून जास्तच लागलं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपांना नळ बसवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. पुढं 'लॅन्सेट'नं या मीठ-साखरेच्या पाण्याला शतकातला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, मग पुढच्या वर्षी सरकारनं पद्मविभूषण जाहीर केलं. आपली रीत तशीच आहे. पण विचार करा, हे औषध छावणीत चाललं, कारण छावणीतल्या माणसाला दहा वाजेपर्यंत लॉगिन नव्हतं. ते स्वस्त आहे, ते गुणकारी आहे, फक्त त्याला दोन गोष्टी लागतात: जवळ संडास आणि आडवं पडायला एक दिवस. या दोन्हींची किंमत पाकिटावर छापलेली नसते.

ज्याच्याकडे हा दिवस नाही, तो मग वेग विकत घेतो. जमलं तर दोन गोळ्यांत. नाही जमलं तर गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, सलाईन लावा" म्हणतो. मध्यमवर्गातली मंडळी या सलाईनच्या हट्टाला हसतात, मी खूपदा ऐकलंय. पण पाच-सातशे रुपये देऊन दोन तासांत माणूस उभा राहत असेल आणि दुसऱ्या दिवशीचा रोज वाचत असेल, तर तो हट्ट नव्हे, हिशेब आहे. त्यातही फसगत होतेच. काउंटरवर फळांच्या चवीचे, गोडमिट्ट पेयांचे खोके ठेवलेले असायचे, त्यांच्यावरही मोठ्या अक्षरात ओआरएस. आत साखर भरमसाट, क्षारांचं प्रमाण नावाला. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठं ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली. तोवर जुलाबानं गळून गेलेल्या किती जणांनी खऱ्या पाकिटाच्या दुप्पट पैसे मोजून हे सरबत पोटात घातलं असेल, कोण जाणे.

माझी आजी मुंबईत लालबागला खाणावळ चालवायची. चाळीतली दीड खोली, बाहेर गॅलरीत पाण्याचं पिंप, आणि गिरणीतले पंधरा-सोळा 'मेंबर'. बहुतेक कोकणातले, दोघे-तिघे साताऱ्याकडचे. बायकापोरं गावाला, इथं एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. दोन वेळचं जेवण, आमटी-भात, चपात्या, बुधवार-रविवार मासळी, आणि पैसे महिन्याच्या पगाराला. आईनं सांगितलेला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा बांगड्याचं कालवण उतरवल्यावर आजीला त्याचा वास बरा वाटला नाही. टोप चुलीवरून खाली, मेंबर हात धुवून बसलेले. तिनं अख्खं कालवण मोरीत ओतलं आणि सगळ्यांना पिठलं करून वाढलं. त्या आठवड्याचा नफा त्या मोरीतून वाहून गेला असणार. आईला त्यात आजीचा करारीपणा दिसायचा. मला वयानुसार त्यात दुसरंही दिसू लागलं. पंधरा माणसं एकदम आडवी झाली असती, तर पंधरा माणसांचे गिरणीत खाडे पडले असते, पगार कापला गेला असता, आणि खाणावळीचे पैसे थकले असते. त्यांच्या पोटावर तिचं पोट होतं. ती जेवायचीही त्याच टोपातलं, सगळ्यांच्या नंतर.

यात गोडवा शोधायचा नाही. चाळीत मजल्याला संडास ठरलेले, पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं, आणि आव पडलेला एखादा मेंबर कायम कोपऱ्यात गोधडी घेऊन पडलेला असायचाच. त्याला आजी पेज द्यायची, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. त्याचा खाडा ती बिलातून कापायची, पेजेचे पैसे धरायची नाही. असल्या खाणावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकारांच्या तावडीतून सोडवलं. आणि मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजीनं काही महिने उधारीवर वाढलं. मेंबर एकेक करून गावी गेले. वही बाकीच राहिली, आणि आईनं ती पुढं कितीतरी वर्षं ट्रंकेत सांभाळली, वसुलीसाठी नव्हे, उगीच.

आता त्या खाणावळीच्या जागी काय आलं, हे पाहायला लांब जावं लागत नाही. वारजे माळवाडीचा मजूर अड्डा आमच्या घरापासून जवळ आहे. सकाळी आठच्या सुमारास तिथं शे-दोनशे माणसं उभी असतात: बिगारी, गवंडी, रंगारी, फरशीवाले, आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. मराठवाड्यातल्या, कर्नाटकातल्या, अलीकडे बिहार-झारखंडकडच्याही. ठेकेदाराचा टेम्पो येतो, तो बोटानं माणसं मोजतो, आणि दहा वाजले की उरलेल्यांचा दिवस संपतो. तिथल्या एका बाईशी माझी ओळख आहे, आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ती आली होती. तिला मी विचारलं, पोट बिघडलं तर काय करता? ती हसली. म्हणाली, "ताई, नाक्यावर असताना जावं लागलं, तर जायचं नाही. तेवढ्यात टेम्पो निघून जातो." आणि कामावर? "साइटवर बायांना कुठंय? सकाळपासून पाणीच पीत नाही मी." म्हणजे औषधाच्या दुकानातला तो पोरगा एका दिवसापुरतं जे करत होता, ते ही बाई रोज करते, धडधाकट असताना.

तिच्या नवऱ्याला मागच्या पावसाळ्यात उलट्या-जुलाब झाले. चार दिवस. तिनं हिशेब सांगितला तो असा: त्याचा रोज सातशे, म्हणजे अठ्ठावीसशे गेले. तिसऱ्या दिवशी तिला घरी थांबावं लागलं, तिचे पाचशे. दोन सलाईन, इंजेक्शन, रिक्षा, गोळ्या मिळून दीड हजार. नारळपाणी शेजारणीनं आणलं. मग तिनं सर्वांत शेवटी, जणू विसरलेली वस्तू आठवावी तसं सांगितलं की पाचव्या दिवशी तो नाक्यावर गेला, पण चेहरा उतरलेला पाहून ठेकेदारानं घेतला नाही. सहाव्या दिवशीही नाही. तब्येतीवर रोज ठरतो तिथं आजारातून उठलेल्या माणसाला आणखी दोन दिवस आजारीच धरतात. ते दोन दिवस कुठल्याच कागदावर येत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र कागदावर आली, आणि तिच्या फेडीत दिवाळी गेली.

मला आकड्यांची सवय आहे, नोकरी हिशेब खात्यातच झाली. म्हणून मी मोठे आकडेही पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये पहिल्यांदा जगाचा अंदाज मांडला: दूषित अन्नानं दरवर्षी ६० कोटी माणसं आजारी पडतात, म्हणजे दहातला एक, आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यात तीस टक्के पाच वर्षांखालची मुलं. मग २०१८ मध्ये जागतिक बँकेनं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा पैशातला हिशेब केला. वर्षाला ११० अब्ज डॉलर. यात उपचारांचा खर्च १५ अब्ज, आणि उरलेले ९५ अब्ज बुडालेल्या कामाचे. मी हे वाचून खाली ठेवणार होते, तेवढ्यात पद्धतीवर नजर गेली. आजारानं आणि मरणानं वाया गेलेली आयुष्याची वर्षं काढायची आणि त्यांना देशाच्या दरडोई उत्पन्नानं गुणायचं. म्हणजे देश जितका गरीब, तितकं त्याच्या माणसाचं दुखणं जगाच्या वहीत स्वस्त. हिशेब करणाऱ्यांचा दोष नाही, काहीतरी माप घ्यावं लागतंच. पण दरडोई उत्पन्नाच्या त्या मापात नवऱ्याचा उतरलेला चेहरा बसत नाही, ठेकेदाराचं बोट बसत नाही, आणि डिलिव्हरीवाल्या पोराचा आठवड्याचा स्लॅबही बसत नाही. हा स्लॅब मला आमच्या इमारतीत येणाऱ्या दुसऱ्या एका मुलानं समजावला. "काकू, एक दिवस गेला की एक दिवसाचेच जात नाहीत. आठवड्याच्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या तरच इन्सेंटिव्ह. शनिवार-रविवारी आजारी पडलो की आठवडा गेला." गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो.

"बाहेरचं खाऊ नका" हे सांगायला आपल्याला काही खर्च पडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले तेव्हा हे वाक्य अख्ख्या पुण्यानं म्हटलं. आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी हातापायांतली ताकद जायची. नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, नोरोव्हायरसही सापडला, आणि बोट पाण्याकडे गेलं. ही गावं महापालिकेत आली होती, शुद्ध केलेलं पाणी आलं नव्हतं. रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, काहींचा श्वास व्हेंटिलेटरवर चालला, बिलं लाखांत गेली, तेव्हा पालिकेनं मोफत उपचार जाहीर केले. त्या आठवड्यांत आमच्याकडे कोणी पनीर आणेना, चिकनची दुकानं ओस पडली, भुर्जीच्या गाड्या संध्याकाळी सातलाच आवरू लागल्या. नळाला येणारं पाणी ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांनी हातात होतं ते सोडलं. गाडीवाल्यांचं काय झालं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. त्यांच्या पोटात जंतू न जाताही त्यांचं पोट बिघडलं होतं.

आणि घरचा डबा तरी काय करतो? कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला सफाईच्या किंवा पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या बायका पहाटे साडेचारला भात टाकतात, गरम असतानाच डब्यात दाबतात, आणि दुपारी दीडला तो उघडतात. मधले नऊ तास तो डबा लोकलच्या गर्दीत, मग पत्र्याच्या शेडमध्ये, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत असतो. पाच ते साठ अंशांच्या मधे जंतूंची चंगळ असते, असं अन्नशास्त्र सांगतं. एप्रिलमधल्या त्या पिशवीत दुसरं काही नसतंच. भातात एक जिवाणू असतो, बॅसिलस सीरियस. त्याची बीजं शिजवण्यातूनही वाचतात, भात कोमट राहिला की फोफावतात, आणि त्यानं सोडलेलं उलट्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. चायनीजच्या गाडीवर सकाळचा भात रात्री कढईत परततात तेव्हाही हेच होतं. आपल्या जुन्या शिदोऱ्या भाकरी, चटणी, कांदा अशा कोरड्या का असायच्या, ते मला इथं नीट कळलं. पण कोरडी भाकरी थापायला वेळ लागतो, ज्वारीचे भाव पाहिलेत का, आणि कंपनीत सगळ्यांच्या डब्यात पोळी-भाजी असताना भाकरी काढायला तरुण पोरींना नको वाटतं. तेही मला समजतं.

आता गाडीवाल्याकडे या. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, आणि काही जण त्या लायकीचे असतातही. मे २०२४ मध्ये मानखुर्दला चिकन शोरमा खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा गेला, विक्रेत्यांना अटक झाली. त्याच वर्षी हैदराबादला मोमोज खाऊन एका बाईचा जीव गेला आणि तेलंगणानं कच्च्या अंड्याच्या मेयोनेझवर वर्षभर बंदी घातली. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, म्हणजे मासळीचा बर्फ रसवंतीच्या ग्लासात जाऊ नये. निळा बर्फ मी नियमानंतर सुरुवातीला पाहिला, आता सगळा बर्फ पुन्हा एकाच रंगाचा दिसतो. पण आमच्या कोपऱ्यावरची पोह्यांची गाडी चालवणारी बाई पाणी कुठून आणते, ते मला माहीत आहे. पहाटे सार्वजनिक शौचालयाच्या बाहेरच्या नळावरून, दोन कॅनमध्ये. पालिकेनं तिला जागेची पावती दिली, नळ दिला नाही. तीस रुपयांच्या पोह्यांत प्लेट धुवायला जेवढं पाणी परवडतं तेवढ्यातच ती प्लेट धुतली जाते. एकदा तिच्या हाताच्या बोटाला पू झालेली जखम होती, वर चिंधी बांधलेली, आणि त्याच हातानं ती शेव भुरभुरत होती. असल्या जखमेतले जंतू अन्नात विष तयार करतात, आणि तेही उकळून जात नाही. मी म्हटलं, "दोन दिवस बंद ठेवा ना गाडी." ती म्हणाली, "आणि कलेक्शनवाला?" तिनं गाडीसाठी पैसे घेतलेत, रोज संध्याकाळी एक पोरगा वसुलीला येतो. त्याला बोट दाखवून भागत नाही.

अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखालचे नियम वाचले तर त्यात हे सगळं आहे. आजारी माणसानं, उघडी जखम असलेल्या माणसानं अन्नाला हात लावू नये. उत्तम नियम. तो पाळल्यावर त्या माणसाचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, एवढीच ओळ त्यात नाही. आणि सगळा पेच त्या ओळीत आहे. भात परतणारा पोरगा जुलाब होत असताना कढईपाशी उभा राहतो, कारण त्याला खाडा परवडत नाही. त्याच्या हातचं खाऊन डिलिव्हरीवाला आजारी पडतो, आणि त्यालाही खाडा परवडत नाही, म्हणून गोळी गिळून तो आपल्या दारात डबा घेऊन येतो. एकानं वाचवलेला दिवस दुसऱ्याच्या ताटात येतो. गिरणीच्या काळात आजीचं नुकसान आणि मेंबरचं नुकसान एकाच वहीत होतं, म्हणून तिनं कालवण ओतलं. आजचा गाडीवाला कालवण ओतेल तर नुकसान त्याचं, आणि नाही ओतलं तर नुकसान अशा कुणाचं, ज्याचा चेहरा त्याला पुन्हा दिसणारही नाही.

कायदा ज्यांना सांभाळतो, त्यांचं तरी भागतं का, हे मी शोधलं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) आहे. दवाखाना मोफत, आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. वाचून बरं वाटलं. मग खालची ओळ: आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही, आधीचं आजारपण संपून पंधरा दिवस झालेले नसतील तरच मिळतो. पोट बिघडतं ते किती दिवस? बहुतेक वेळा दोनच. ज्यानं कोणी हे दोन दिवस ठरवले, त्याच्या मनात लबाडी नसेल, खोट्या सुट्ट्या रोखायच्या असतील. पण शहरातल्या कामगाराचं सगळ्यात नेहमीचं दुखणं नेमकं त्या फटीत मावतं. आणि ही झाली नोंदणी असलेल्यांची गोष्ट. नाक्यावरच्या बाईला नि दहापर्यंत लॉगिन असलेल्या पोराला ही फटसुद्धा नाही.

कधीतरीच हे दुखणं सगळ्यांना दिसतं. डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यातल्या मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून जास्त जणी रुग्णालयात. मैत्रिणी कुठं आहेत, जिवंत आहेत का, हे कोणी धड सांगेना, तेव्हा हजारो मुली रात्री बाहेर पडून चेन्नई-बंगळुरू महामार्गावर बसल्या. आयफोन जोडणारा कारखाना जानेवारीपर्यंत बंद राहिला. ॲपलनं माणसं पाठवली, वसतिगृहं तपासली, कंपनीला 'सुधारा नाहीतर' अशी तंबी दिली. जगभर बातमी झाली. कारण त्या सगळ्या एकाच रात्री आजारी पडल्या आणि एकाच ठिकाणी होत्या. आपल्याकडचे लोक एकेकटे आजारी पडतात, वेगवेगळ्या मोऱ्यांत ओकतात, आणि कुठलाच महामार्ग बंद होत नाही.

हे सगळं मनात असतानाच सोसायटीची मासिक सभा आली. आमच्याकडे स्वयंपाकाला, भांड्यांना, लादीला येणाऱ्या मावशी आणि गेटवरचे तीन वॉचमन यांच्या आजारपणाच्या सुट्ट्यांचे पैसे कापायचे की नाहीत, हा विषय मी मांडला. सुरुवातीला माणुसकीचं बोलले. सगळे ऐकून घेत होते, दोघे-तिघे मोबाइल पाहत होते. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मग रोजच यांची पोटं बिघडतील." हशा झाला. मग मी हिशेब खात्यातलं बोलले. म्हटलं, पोळ्या करणाऱ्या मावशींचं पोट बिघडलंय आणि आपण पैसे कापतो म्हणून त्या येतात. त्या कणीक मळतात, ती कणीक आपली नातवंडं खातात. सरासरी एका मुलाच्या ओपीडीचं बिल सांगितलं, रक्ताच्या आणि शौचाच्या तपासणीचं सांगितलं, आणि मावशींचे दोन दिवसांचे पैसे सांगितले. सभेत एकदम शांतता पसरली. मघाच्याच गृहस्थांनी विचारलं, "आमच्याकडे येतात त्याच दुसऱ्या विंगमध्येही करतात ना?"

ठराव पाच मिनिटांत झाला. स्वयंपाकाच्या मावशींना वर्षाला सहा दिवस आजारपणाची भरपगारी सुट्टी, पोट बिघडलं असेल तर येऊ नये अशी सक्त सूचना. सचिवांनी तो इतिवृत्तात लिहून घेतला. भांड्याच्या आणि लादीच्या मावशी अन्नाला हात लावत नाहीत, त्यामुळे त्यांचा विषय पुढच्या सभेला. वॉचमन एजन्सीचे आहेत, त्यांनी एजन्सीशी बोलावं. डिलिव्हरीवाल्यांना तळमजल्यावरचं बाथरूम वापरू द्यावं, हा माझा दुसरा प्रस्ताव होता. त्याला अनुमोदक मिळाला नाही.